मात्रेतली गुळवेल

२०२० साली गुळवेलीला जे दिवस आले, ते तिने आधी कधी पाहिले नसतील. सोसायटीच्या कुंपणावर, कडुनिंबावर, रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावर चढलेल्या ज्या वेलीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिच्या कांड्या कापून नेण्यासाठी माणसे कोयते घेऊन फिरू लागली. भाजीवाल्यांच्या पाटीत कोथिंबिरीशेजारी तिच्या जुड्या आल्या. औषधाच्या दुकानात तिच्या गोळ्या, रस आणि चूर्ण काउंटरच्या पुढच्या फळीवर मांडले गेले. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरकडच्या कातकरी तरुणांना मोठमोठ्या औषध कंपन्यांच्या मागण्या मिळाल्या आणि जंगलात फिरून वेल गोळा करणाऱ्यांच्या हातात चार पैसे आले. या सगळ्या धांदलीतली निर्भेळ चांगली गोष्ट म्हणून मला हीच आठवते.

बाकीच्या गोष्टींबद्दल इतके सरळ बोलता येत नाही. केंद्रीय आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडसाठी जी उपचारपद्धती जाहीर केली, तिच्यात गुळवेलीच्या घनाचे, म्हणजे आटवून घट्ट केलेल्या अर्काचे, प्रमाण दिले होते: ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस ते महिनाभर. म्हणजे मात्रा होती आणि मुदतही होती. घराघरांत पोहोचताना मात्रा निम्मी गळाली आणि मुदत पूर्णच गळाली. मूठभर कांड्या, त्यात दालचिनी, मिरे, सुंठ, तुळस, हळद, जे हाताशी असेल ते, असा काढा सकाळ-संध्याकाळ सगळ्या घराला मिळू लागला. सत्तरीच्या आजोबांना, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या काकूंना, थायरॉइडचा त्रास असलेल्या सुनेला आणि शाळकरी नातवालाही एकाच पातेल्यातून. महिना संपला, लाट ओसरली, दुसरी आली, तरी पातेले गॅसवरून उतरले नाही.

‘रोज घेतली तर चालेल ना? झाडपाल्याचेच तर आहे,’ हा प्रश्न औषधी वनस्पती शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला तेव्हापासून सतत विचारला जातो. ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी आहे. प्रश्नाच्या पूर्वार्धाला उत्तर आहे. उत्तरार्धाला नाही, कारण धोतरा आणि कण्हेरही झाडपाल्याचेच असतात.

मी वैद्य नाही. वनस्पती ओळखणे, तिचा कोणता भाग कधी काढायचा, बाजारात तिच्या नावाखाली काय विकले जाते हे तपासणे, एवढाच माझा अधिकार. म्हणून सुरुवात वेलीपासूनच करतो.

गुळवेल ओळखायला पान पुरत नाही. हृदयाच्या आकाराचे पान पाहून ‘हीच ती’ म्हणणाऱ्यांनी माझ्यासमोर पहाडवेल ठेवली आहे, वासनवेलही ठेवली आहे. दोन्ही तिच्याच कुळातल्या, पण कामे वेगळी. पाहायचे ते खोड. अंगठ्याएवढी जाड कांडी हातात घ्या. वरची साल राखाडी-तपकिरी आणि कागदासारखी पातळ असते, नखाने खरवडली की पापुद्रा निघतो आणि खाली ओला हिरवा रंग दिसतो. सालीवर ठिपक्यांसारखी उंचवट्याची छिद्रे असतात. सुरीने आडवा छेद घेतला तर मध्यापासून कडेपर्यंत पाचरीसारखे पट्टे गेलेले दिसतात. जुन्या वैद्यांनी तिला चक्रलक्षणिका म्हटले ते या छेदावरून, आणि आजही ओळखीची इतकी स्वस्त आणि पक्की खूण दुसरी नाही. कापलेल्या जागी बोट फिरवले की चिकट लागते. जिभेवर तुकडा ठेवला तर पहिल्या क्षणी फारसे काही जाणवत नाही. कडूपणा मागाहून येतो आणि बराच वेळ जात नाही.

वरच्या फांद्यांवरून सुतळीसारखी हवाई मुळे खाली लोंबतात. वेल बुडाशी तोडली तर ही मुळे जमिनीपर्यंत वाढत येतात आणि वेल पुन्हा उभी राहते. तोडलेली कांडी कोरड्या जागी कित्येक दिवस पडून राहिली तरी पावसाळ्यात मातीत खोचली की फुटते. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, उन्हाळ्यात पाने झडून गेल्यावर पिवळट बारीक फुले येतात आणि मादी वेलीला पुढे लाल फळांचे घोस लागतात. कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणाची असा समज आहे. खरा असेलही, पण ज्या बाजारात कांडी गुळवेलीचीच आहे की नाही याची खात्री नसते, तिथे ती कोणत्या झाडावर चढली होती याची चर्चा मला जरा चैनीची वाटते.

आयुर्वेदात तिचे स्थान मोठे आहे. भावप्रकाशात तिच्या जन्माची कथा दिली आहे: रावणवधानंतर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडले, त्यांच्या अंगावरून जिथे थेंब ओघळले तिथे ही वेल उगवली. चरकाने मेध्य रसायने म्हणून ज्या चार वनस्पती सांगितल्या, त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध आणि शंखपुष्पीबरोबर गुळवेलीचा रस आहे. रसाने कडू आणि तुरट, वीर्याने उष्ण, पचनानंतर मधुर, तिन्ही दोषांवर चालणारी, अशी तिची नोंद. जुना ताप, कावीळ, प्रमेह, त्वचेचे विकार आणि विशेषतः वातरक्त, ज्यात आजच्या भाषेतला गाऊट बऱ्याच अंशी येतो, ही तिची ठरलेली क्षेत्रे. संशमनी वटी, अमृतारिष्ट, गुडूच्यादि काढा या तिच्याच तयारीच्या गोष्टी.

‘अमृता’ हे नाव सांगून आज तिची जाहिरात होते, पण त्याच परंपरेने तिच्याभोवती किती कुंपणे घातली होती ते कोणी सांगत नाही. अनुपानच पाहा. वाताला तुपाबरोबर, पित्ताला साखरेबरोबर, कफाला मधाबरोबर, मलावरोधाला गुळाबरोबर, आमवातात सुंठीबरोबर, वातरक्तात एरंडेलाबरोबर. एकच वनस्पती सहा तऱ्हांनी द्यायची, आणि कोणाला कोणती तऱ्हा हे रोगी पाहून ठरवायचे. रसायन म्हणून घ्यायची तर चरकाच्या मते आधी शरीराचे शोधन व्हावे लागते. काढ्यासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते चौथा किंवा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे, असा हिशेब. आजच्या आयुर्वेदिक फार्माकोपियातही आकडे आहेत: चूर्ण ३ ते ६ ग्रॅम, काढ्यासाठी भरड २० ते ३० ग्रॅम. तेव्हा ‘आयुर्वेदातली आहे म्हणून कितीही घ्या’ असे म्हणणारा माणूस आयुर्वेदाची बाजू घेत नसतो. सर्वांना, रोज, अमर्याद गुळवेल ही कल्पना परंपरेत कुठे सापडत नाही. ती गेल्या काही वर्षांतली आहे आणि तिचा उगम मोबाइलवरच्या निरोपांत आहे.

आता शास्त्राकडे. गुळवेलीवरचे महत्त्वाचे आधुनिक काम मुंबईतच झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदिक औषधांची आधुनिक कसोट्यांवर परीक्षा घ्यायला सुरुवात केली. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी पित्ताचा निचरा करून द्यावा लागतो आणि त्या काळात जंतुसंसर्ग रक्तात भिनण्याची मोठी भीती असते. तीस रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यांच्या जोडीने वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम गुळवेल. पहिल्या गटातल्या निम्म्या रुग्णांत रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली, दुसऱ्यात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्यात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के.

तीसच रुग्ण, म्हणजे अभ्यास लहान. तरीही या आकड्यांनी कोणीही हरखून जाईल आणि मीही विद्यार्थ्यांना ते कौतुकाने सांगतो. पण त्याच निबंधातली दुसरी नोंद मला त्याहून मोलाची वाटते, आणि ती क्वचितच सांगितली जाते. दोन्ही गटांत यकृताचे काम सारखेच राहिले. गुळवेलीने यकृत सुधारले म्हणून हे रुग्ण वाचले नव्हते. फरक पडला तो रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींत. जंतू गिळून मारण्याची त्यांची ताकद, जी अशा काविळीत मंदावते, ती फक्त गुळवेल मिळालेल्या रुग्णांत पूर्ववत झाली. म्हणजे गुळवेल काम करत होती ती शरीराच्या संरक्षक फौजेवर.

ही फौज जागी करता येते, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या माणसाची फौज आधीच आपल्याच घरावर चालून गेलेली आहे, त्याचे काय? काही माणसांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांना परके समजते. कधी सांध्यांना, कधी थायरॉइडला, कधी यकृताला. अशा माणसाला ‘इम्युनिटी वाढवणारे’ औषध देणे म्हणजे काय करणे, याचा विचार २०२० साली जवळपास कोणी केला नाही.

तो करायला लावला मुंबईतल्याच डॉक्टरांनी. यकृतविकारतज्ज्ञ डॉ. आभा नगरल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत आलेले हे रुग्ण काविळीचे होते आणि सगळ्यांच्या इतिहासात गुळवेल होती. यकृतात दिसलेली इजा बरीचशी स्वयंप्रतिकार हेपॅटायटिससारखी होती. त्यानंतर देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०२२ मध्ये छापून आला. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ त्यात ४६ दिवसांचा होता. पुष्कळांना यकृताचा जुना आजार होता, काहींना तो आहे हे माहीतही नव्हते. मुंबईच्या डॉक्टरांना जे दिसले होते, तेच इथेही दिसले: दबा धरून बसलेली स्वयंप्रतिकाराची प्रवृत्ती गुळवेलीने उघडी पाडली असावी.

यावर आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये खुलासे काढले. गुळवेल सुरक्षित आहे, रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासले नव्हते, तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात असू शकते, असे त्यांचे म्हणणे. या वादात दोन तट पडले. एकीकडे ‘आयुर्वेद बदनाम करण्याचे कारस्थान’, दुसरीकडे ‘काढे म्हणजे विष’. दोन्हींचा आवाज मोठा होता.

मला मंत्रालयाच्या आक्षेपात तथ्य वाटते. क्रिस्पा ही आग्नेय आशियात मुबलक मिळणारी जात, आपल्याकडे ईशान्य भारतात आढळते. तिच्या खोडावर चामखिळीसारखे फोड असतात, गुळवेलीचे खोड तुलनेने गुळगुळीत. क्रिस्पामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आधीपासून आहेत. कांडी अखंड असेल तर दोन्हींतला फरक माझा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल. चूर्ण झाले की मीही नुसत्या डोळ्यांनी सांगू शकत नाही. तेव्हा चुकीची वनस्पती पोटात जाण्याची शक्यता खरी आहे. पण तो आक्षेप सगळ्या रुग्णांना झाकायला पुरत नाही. मुंबईच्या कुंपणावरून स्वतःच्या हाताने कापून आणलेली वेल बहुधा गुळवेलच असते. आणि ज्या गुणाचे आपण १९९३ पासून कौतुक करतो, त्याच गुणातून इजा कशी होऊ शकते हे समजायला कोणत्याही कारस्थानाची गरज लागत नाही. गुळवेलीत परिणाम करण्याची ताकद आहे असे म्हणायचे आणि अपाय करण्याची नाही असेही म्हणायचे, हे एका दमात म्हणता येत नाही.

सरसकट घाबरवणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही. त्या काळात किती घरांत गुळवेल शिजली आणि त्यातल्या किती थोड्या माणसांना त्रास झाला, हे पाहिले तर बहुतेकांना थोडे दिवस थोडी गुळवेल सोसते हे उघड आहे. आदिवासी भागात तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते, कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांत ती मांडलेली असते. ऋतूतून चार वेळा खाल्लेली भाजी आणि महिनोन्‌महिने घेतलेला आटीव घन यांना एका तराजूत घालू नये.

मग कोणी टाळावी? संधिवाताभ, ल्युपस, सोरायसिस, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार विकार, स्वयंप्रतिकार हेपॅटायटिस यांपैकी काही असलेल्यांनी. मूत्रपिंड किंवा यकृत बसवलेल्यांनी, कारण नवा अवयव टिकावा म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते आणि गुळवेल तिला उलट दिशेने ढकलते. यकृताचा कोणताही जुना आजार असलेल्यांनी. गर्भारपणात आणि अंगावर पाजणाऱ्यांनी, कारण त्या अवस्थेतल्या सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. गुळवेल साखर उतरवते आणि गोळीबरोबर ती जास्तच उतरली तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगावे. आणि डेंग्यूत प्लेटलेट वाढवायला गुळवेलीवर विसंबून रुग्णालय टाळणे हा निव्वळ वेडेपणा.

ज्यांना घ्यायची आहे त्यांनी कोणत्या रूपात घ्यावी, हा पुस्तिकेतला मोठा भाग आहे. इथे फक्त सत्त्वाबद्दल थोडे सांगतो, कारण त्यातली फसवणूक जुनी आहे. गुळवेल सत्त्व करायचे म्हणजे ताज्या जाड कांड्या सोलून ठेचायच्या, रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी हाताने चोळून गाळायच्या, ते पाणी हलू न देता ठेवायचे, तळाशी पांढरट साका बसला की वरचे पाणी अलगद ओतून द्यायचे आणि साका वाळवायचा. पाटीभर कांड्यांतून पसाभरही निघत नाही. त्यामुळे ते महाग, आणि महाग म्हणून त्यात बटाट्याचे किंवा मक्याचे पीठ. सूक्ष्मदर्शकाखाली चोरी लगेच पकडता येते. बटाट्याच्या स्टार्चचे कण गुळवेलीच्या कणांपुढे धोंड्यांसारखे दिसतात. पण घरात सूक्ष्मदर्शक नसतो. शिवाय अस्सल सत्त्व झाले तरी ते मुख्यतः स्टार्चच. पाण्यात विरघळणारी कडू द्रव्ये, बर्बेरिन, पामॅटिन, मॅग्नोफ्लोरिन ही अल्कलॉइडे बरीचशी ओतून दिलेल्या पाण्याबरोबर जातात. म्हणून सत्त्वाची मात्रा घनाला लावू नये आणि घनाची काढ्याला. नाव तेच असले तरी पोटात जाणारी वस्तू तीन ठिकाणी तीन वेगळी असते.

घरगुती वापरात मला सर्वांत धोकादायक वाटते ती एक सवय, तिचा वनस्पतीशी संबंध नाही. डॉक्टर विचारतात, ‘काही औषधे चालू आहेत?’ आणि सहा महिने काढा पिणारी बाई मनापासून सांगते, ‘नाही हो, काही नाही.’ तिच्या लेखी तो काढा चहासारखा असतो. काही जण डॉक्टर रागावतील म्हणून लपवतात, आणि काही डॉक्टर रागावतातही, हे खोटे नाही. पण भूक मेली, मळमळू लागले, अंगात त्राण उरले नाही, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर गुळवेल त्याच दिवशी बंद करावी, बिलिरुबिन आणि यकृताच्या एन्झाइमांची तपासणी करावी आणि काय, किती, किती दिवस घेतले ते स्वच्छ सांगावे. बरे वाटल्यावर ‘त्यानेच झाले होते का पाहू’ म्हणून पुन्हा घेऊ नये. दुसऱ्या वेळची इजा पहिलीपेक्षा वाईट असू शकते.

आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि होमिओपॅथीच्या औषधांनी झालेल्या त्रासाची नोंद घेण्यासाठी २०१८ पासून राष्ट्रीय यंत्रणा आहे. तिचे मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे आणि देशभर तिची परिघीय केंद्रे आहेत. वैद्य, डॉक्टर, परिचारिका, खुद्द रुग्ण, कोणीही तिथे कळवू शकतो. कळवताना एक गोष्ट हाताशी असली तर निम्मे वाद जागच्या जागी मिटतील. गुळवेल घरी आणाल तेव्हा काढ्यात टाकण्याआधी पानासकट वीतभर कांडी वर्तमानपत्रात दाबून, तारीख आणि कुठून आणली ते लिहून ठेवा. बाटली किंवा डबी विकत घेतली असेल तर रिकामी झाल्यावरही बॅच क्रमांकासह सांभाळा.